झडती

वर्षातून दोनदा, दहा-दहा दिवस,
बाकीचं वर्ष आपापल्या घरी.
असा आहे हा पटकथेचा अभ्यासक्रम.
भंडाऱ्याची मेश्राम रात्रभर रेल्वेत बसून येते,
निपाणीचा तांबोळी तीन एसट्या बदलून,
आणि मी जेलरोडवरून, सिटी बसने, तासाभरात.
तू कशाला राहतेस गं हॉस्टेलवर?
नियम आहे, म्हणते.
खरं तर आवडतं मला
आपल्याच गावात पाहुणी होणं,
जानेवारीत धरणाकडच्या वाऱ्यात
दोन स्वेटर घालून
द्राक्षबागा पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघणं.

वर्टीबाई पहिल्याच तासाला म्हणाल्या,
एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट.
माझ्या दुकानात एक पान म्हणजे दोन रुपये,
पाठपोट असेल तर तीन.
अकरा वर्षं झेरॉक्स काढतेय
लोकांच्या गुणपत्रिका, सातबारे, मृत्यूचे दाखले.
किती तासांचा सिनेमा झाला असेल.

फेब्रुवारी ते जून पानं ईमेलने पाठवायची.
रात्री साडेनऊनंतर, शटर अर्धं ओढून,
मशीन निवताना टिकटिकत राहतं
तेवढ्यात लिहायचं :
अंतर्गत. स्वयंपाकघर. रात्र.
वडील आणि मुलगी.
वडिलांच्या तोंडी मी बारा ओळी घातल्या.
तेहतीस वर्षं नोटा छापल्या
आणि लग्नाला मात्र उसने पैसे, वगैरे.
वर्टीबाईंचा लाल शेरा आला :
हा माणूस इतकं बोलतो?
खाली, बारीक अक्षरात :
ह्याला हवंय काय?

अण्णा बोलत नाहीत.
प्रेसमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
आत काय चालायचं ते आईलाही सांगितलं नाही,
आई गेली तरी.
भाजी अळणी झाली तर
ताटाच्या कडेचं मीठ गुपचूप कालवून घेतात.
गृहपाठ म्हणून एकदा विचारलंच,
अण्णा, तुम्हाला काय हवंय?
मला?
बराच वेळ गेला.
तांब्या भरून ठेव, म्हणाले.

जुलैत वर्टीबाईंनी आम्हाला
सीबीएसवर नेऊन बसवलं.
एक तास. वही नाही, फोन नाही. नुसतं बघा.
मेश्रामला सापडली
केळीची फणी पुन्हा पुन्हा मोजणारी बाई.
तांबोळीला दोन भांडणं आणि एक झोपलेला कंडक्टर.
मला काहीच नाही.
समोर बँकेच्या दारात एक रखवालदार जांभया देत होता,
त्याच्याकडे बघता बघता
दिसले ते अण्णाच,
पेन्शनच्या दिवशी अशाच एका दारात
दोन्ही हात कोपरातून जरा वर उचललेले.
कुणी सांगितलेलं नसतं.
मुक्तिधामच्या पायरीवर तेच.
दवाखान्यात तेच.
संध्याकाळी फिरून आल्यावर
चपला काढायच्या आधी,
स्वतःच्याच उंबऱ्यावर,
क्षणभर,
हात वर, तळवे उघडे :
घ्या, बघून घ्या, काही नाही.

तेहतीस वर्षं रोज सुटताना झडती.
आणि मी हे लहानपणापासून बघत होते,
म्हणजे बघत नव्हते.

बारा ओळी खोडल्या.
उरलं अर्धं पान. तीस सेकंद.
शेवट काही सुचेना.

दहा दिवस संपवून घरी आले
मळके कपडे आणि कागदांचं ओझं घेऊन.
दार अण्णांनीच उघडलं.
काय मनात आलं कोण जाणे,
उंबऱ्यावर उभी राहून मी हात वर केले.
ते बघत राहिले.
मला वाटलं, चुकलं माझं.
मग त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारं
बसचं तिकीट दोन बोटांनी ओढून काढलं,
ट्यूबलाइटकडे धरलं,
उलटं केलं,
कडेवरून अंगठा फिरवला.
अस्सल आहे, म्हणाले,
आणि आत जाऊन तांब्या भरून आणला.

वर्टीबाईंना हे पाठवलेलं नाही.
तिकीट वहीत आहे.